गोरेगावच्या रस्त्यावरचे दगड

७ डिसें., रवि.

दोरी बदलली. सुताची होती ती घामानं फुगून दाजींच्या मनगटाला काचायची. आता बुटाची नाडी, दुहेरी पिळून, दोन टोकांना दोन फास. एक त्यांच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. गाड्यांची बाजू माझी, कडेची त्यांची.

खड्डा आला की 'खड्डा', गतिरोधक आला की 'उडी', वळण आलं की 'डावं' नाहीतर 'उजवं'. एवढंच बोलायचं असतं. माझं तोंड एवढ्यावर थांबत नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर चालला होता, मागच्या ट्रॉलीत उसावर एक बाई झोपलेली, पोटाशी कोंबडी धरून. मी ते सांगत बसलो आणि 'उडी' राहून गेली. दाजी ठेचकाळले. पडले नाहीत. सावरल्यावर म्हणले, "कोंबडी कोन्त्या रंगाची व्हती?"

घरी मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मावशी म्हणजे दाजींची आई. "आलं का पाहुणं, माझ्या पोराला हिंडवून?" मी आल्यापासून त्या मला नावानं बोलवतच नाहीत. आक्काच्या, म्हणजे बहिणीच्या सासरी महिना महिना राहतो त्याला दुसरं काय म्हणतील.

१० डिसें.

रोडवर भरतीची पोरं भेटतात रोज. त्यांना वाटतं आमी पण भरतीचेच. आज एकानं विचारलं, भरतीला तर सोळाशे मीटर लागतं, तुमी एवढं लांब काहून पळून राहिले? दाजी म्हणले, "कुठं थांबायचं ते दिसत न्हाई म्हणून." पोरगं हसावं का नाही या विचारात मागं राहिलं.

दाजी पण भरतीचेच. ग्राउंड चांगलं काढलं होतं, मेडिकलला डोळ्यात अडकले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांना बाजूचं दिसत नाही. मग कडेकडून आत आत येत नजर मिटत गेली. आता उजेड आणि अंधार कळतो, तेवढंच. हे सगळं आक्कानं सांगितलं. ते स्वतः यावर बोलत नाहीत.

नांदेडची मॅरेथॉन १ फेब्रु.ला. पूर्ण, बेचाळीस किमी. कागदावर पळणारे ते, सोबती मी. सोबती नसला तर त्यांना उभं करत नाहीत, आणि गावात दुसरं कोणी तयार नाही. आयटीआय मी अर्धी सोडली, पुण्यातलं हॉटेल सोडलं, हैदराबादचं फरशीचं काम सोडलं. आक्काला सगळं पाठ आहे. म्हणली, "हे सोडायचं असंल तर आत्ताच सोड. मधात सोडलं तर मी तुला दारात उभं करनार न्हाई."

१४ डिसें., रवि.

आज दाजी चिडले. म्हणे तुझं वाक्य संपेपर्यंत मी खड्ड्यात असतो. खरं आहे. माझ्या तोंडून 'थांबा' निघत नाही. 'दाजी, जरा थांबता का' असं निघतं. आमच्या घरी जावई आला की अण्णा खाट सोडून उभे राहतात, जावई बसेपर्यंत बसत नाहीत. त्या घरात वाढलेला मी, यांच्यावर कसा ओरडू.

"दोरी बांधली का मी जावई न्हाई. बैल समज."

"बैलाला बी मी अहो म्हणतो दाजी."

हसले. पुढं दोन किमी चांगले गेले.

१८ डिसें.

ठरलं. २८ ला मोठी लाँग रन. आपल्या नरसीहून सेनगाव, तिथून गोरेगाव. गोरेगावला चहा, मग जीपनं परत. त्यानंतर मोठं अंतर नाही, पाय आराम करतील. म्हणजे हीच परीक्षा. ही निघाली तर नांदेड निघेल, असं दाजी म्हणतात.

माझा फोन येलदरीच्या धरणात... ते नंतर लिहितो. फोन बंद आहे. दाजींचा बोलणारा फोन आक्काकडे ठेवायचा, सकाळी दुकान तीच उघडते. रोडावरचं नारळ-फुटाण्याचं दुकान, दर्शनाला येणाऱ्यांसाठी. म्हणून अंतर कसं कळणार विचारलं. म्हणले रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचायचे. एक एक दगड. "आकडा कळला का मी ताकद वाटून घेतो. तुमा डोळेवाल्यांना पुढचं दिसतं, तुमी तसं पळता. मला आकडा दिसतो."

२१ डिसें., रवि.

तीन दिवस नव्हतो. येलदरीला एक जण मासे धरायला चल म्हणला, धरण परत बघावंसं वाटलं, गेलो. पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, हजार असतील, एकदम उठले की ताट वाजल्यासारखा आवाज. फोन पाण्यात पडला तो मागच्याच खेपेला. या खेपेला एक मासा नाही.

आक्काला सांगितलं गावाकडं मामाचं काम होतं. तिनं मला परसात नेलं. कपडे वाळत घालायची तार आहे तिथं. खाली मातीत एकाच जागी खड्डा पडलेला. मी नव्हतो तितके दिवस दाजी तारेला धरून जागच्या जागी पळत होते.

२८ डिसें., रवि.

आज लिहवत नाही.

२९ डिसें.

लिहून टाकतो.

निघालो तेव्हा धुकं. सेनगावपर्यंत दाजी असे पळाले की मलाच धाप. हरभऱ्याला पाणी देणारा एक जण मोटर सोडून बांधावर बघायला आला. सेनगावात केळी खाल्ली, बाटल्या भरल्या. गोरेगावचा रस्ता धरला तसं ऊन वर आलं. इकडचे दगड जुने, गोरेगाव किती उरलं तो आकडा कोरून त्यात काळा रंग भरलेला. मी वाचत गेलो. बराबर वाचत गेलो. आठपर्यंत.

आठच्या आधीपासून त्यांचं बिघडलं होतं. गालावर मीठ वाळून पांढरं. पाऊल आखूड. नाडी सारखी डावीकडं ओढायचे, कडेच्या मुरमात पाय जायचा. पाणी तोंडाला लावलं तर हनुवटीवरून खाली. आठचा दगड आला.

"किती?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "पाच."

विचार केला नव्हता. आमच्याकडं वाटेवर कोणी अंतर विचारलं तर कोणी खरं सांगतं का? हे काय पुढंच, आलंच, झाडाआड हाय. थकलेल्याला असंच सांगतात. मी पण तेच केलं. आणि ते जावई. जावयाला आठ कसं सांगू.

पाच ऐकून त्यांचा खांदा सैल झाला, श्वास लयीत आला. मला बरं वाटलं. मग पुढचा दगड दिसला, सात, तेव्हा कळलं मी काय करून बसलो. चार म्हणलं. मग तीन. मग दोन.  एकदा वाटलं सांगून टाकू. पण तेव्हा ते म्हणले, "विक्या, निघालं बघ. मला वाटलं न्हाई निघनार." मग कसं सांगू.

बैलगाडीवाला एक म्हातारा येत होता. दाजींनी पळता पळता विचारलं, "मामा, गोरेगाव आलं का?" तो म्हणला, "आलंच की. हे काय." आता दोघांनी सांगितलं.

चारच्या दगडाला मी 'एक' म्हणलं.

"मंग सोड आता," म्हणले आणि जे निघाले ते भरतीच्या ग्राउंडवर निघावं तसे. उरलेलं सगळं टाकलं. मला नाडी धरून ठेवणं जमेना. गुडघे वर, तोंड आभाळाकडं. मी मागून 'हळू दाजी, हळू' करत होतो, तेही अहो-जाहो करत.

मग हळूहळू मंदावले. कान लावून पळायला लागले.

"दुकानं कुठंयत?"

"येतील."

"जीपचा हॉर्न न्हाई. गिरणी न्हाई. लेकरं न्हाई." थांबले. "दगड दाखव."

पुढंच होता दगड. मी हललो नाही. नाडी त्यांनी हातातून काढली. पायानं मुरूम चाचपत कडेकडेनं एकटे गेले, गुडघा आपटला दगडावर, तिथंच बसले. बोट कोरलेल्या आकड्यात घातलं. वरून खाली फिरवलं. परत फिरवलं.

"तीन."

त्याच वेळी डाव्या पोटरीत गोळा आला. दगडाला मिठी मारून बसले होते. मी पाय धरायला गेलो तर सरकले.

"कधीपासनं?"

"आठपासनं."

एक दुधाची गाडी गेली, दोन मोटारसायकली गेल्या. एक जण थांबून विचारून गेला काय झालं. दाजी म्हणले काय न्हाई, बसलोय.

मग मला म्हणले, "डोळ्याच्या वक्ताला बी असंच सांगायचे सगळे. थोडंच हाय. तिथंच थांबंल. म्या त्याच हिशोबानं ऱ्हायलो. खरं सांगितलं असतं तर काय काय बघायचं ते तवाच बघून घेतलं असतं."

जीप आली. पुढची सीट एकानं सोडून दिली त्यांना. मी मागं उभा. नाडीचं त्यांचं टोक माझ्या मनगटाला नरसीपर्यंत लोंबत होतं.

३१ डिसें.

घरी त्यांनी सांगितलं पाय धरला म्हणून परत आलो. बाकी काही नाही. मावशी पोटरीला तेल चोळतात. त्यांना खरं माहीत नाही, म्हणून मला चहा मिळतो अजून.

सकाळी ते काठी घेऊन दुकानाकडं निघाले. मी कोपर धरायला गेलो. काढून घेतलं, चिडून नाही, नीट. "ऱ्हाऊ द्या पाहुणं."

पाहुणं. आणि ऱ्हाऊ द्या.

२ जाने.

मावशींना कळलं. नरसीत जीपवाल्याचा चुलता राहतो. त्यांनी भांडण केलं नाही. माझी पिशवी खुंटीवरून काढून ओट्यावर आणून ठेवली. म्हणल्या, "रानात दगडापाशी बसवलं माझ्या पोराला. सकाळची जीप आठला असती पाहुणं." दाजी आत होते. ऐकलं असणार.

४ जाने., रवि.

पिशवी ओट्यावरच ठेवून हिंगोलीला गेलो. स्टँडबाहेर संत्र्याच्या क्रेटची रिकामी गाडी नागपूरकडं चालली होती, ड्रायव्हरला जोडीला माणूस पाहिजे होता. बसलो. एसटीपेक्षा उंच बसायला मिळतं, शेतं आतपर्यंत दिसतात. कापसाची शेवटची वेचणी चाललेली, बायकांच्या डोक्यावर पांढरी ओझी. तो गाणी मोठ्यानं लावणारा होता. मजा आली असती.

ढाब्यावर चहाला उतरलो. त्यानं हॉर्न दिला तेव्हा मी लघवीला गेल्यासारखं केलं आणि गाडीकडं परत गेलोच नाही. तो दोनदा वाजवून निघून गेला. परत येताना टेम्पोच्या मागं उभा राहून आलो. काहून उतरलो, विचारलं तर सांगता येणार नाही. एवढंच की या वर्षी फेब्रुवारीत दाजी पुन्हा तारेला धरून पळतील, आणि मी नागपुरात असेन.

५ जाने.

रात्री भरतीच्या एका पोराकडं झोपलो. मावशी देवळात गेल्यावर घरात शिरलो. आक्का भांडी घासत होती. वर बघितलं नाही. मी बसलो. मी सांगायच्या आधी तिला सगळं माहीत होतं, दाजींनी तिला सांगितलं असावं. ती शिव्या देईल म्हणून थांबलो. तिनं वेगळंच सांगितलं.

डॉक्टरनं तिला एकटीला बाहेर बोलवून सांगितलं होतं, ही नजर पूर्ण जाणार, थांबणार नाही. तिनं घरी येऊन सांगितलं, थांबेल म्हणे. पोळा होऊ दे मग सांगू. मग दिवाळी होऊ दे. मग हळद निघू दे.

"मंग?"

"मंग सांगायचं कामच ऱ्हायलं न्हाई."

घासलेला तांब्या तिनं परत घासला. म्हणली, "तू आठाचं पाच केलं. म्या त्यांचं आख्खं साल खाल्लं. तुझ्यावर रागावू कोन्त्या तोंडानं."

८ जाने.

दुकानात गेलो. दाजी फुटाणे पुड्यांत भरत होते. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्यानंच सगळं सांगितलं. आठपासून खोटं बोललो ते तर आहेच. त्याच्या आधी दोनदा ट्रक जवळ असताना लांब आहे म्हणलो, तुमी दचकू नये म्हणून. सेनगावच्या अलीकडं कुत्रं आपल्याबरोबर पळत होतं ते सांगितलंच नाही. आणि मामाचं काम नव्हतं, येलदरीला मासे धरायला गेलो होतो.

"घावले?"

"न्हाई."

पुडीला गाठ मारली. आणखी एक भरली. म्हणले, "आणखी काय हाय?"

म्हणलं, "तुमची दाढी वाकडी झाली. उजवीकडं राहिली."

हात लावून बघितलं. आठवडाभर अशीच होती, गावात कोणी बोललं नाही. दाजी एवढंच म्हणले, "उद्या सकाळी ये." पिशवी घेऊन का पिशवी न घेता ते नाही म्हणले.

९ जाने.

पळालो. दाजींनी नाडी आधी चाचपून तपासली, मग हातात घेतली. मी खड्डा, उडी, डावं, उजवं, एवढंच. चारदा ओरडलो, 'थांबा' म्हणून, मागं 'दाजी' न लावता.  मावशी दारात उभ्या. पिशवी अजून ओट्यावरच आहे, पण पावसाळी प्लास्टिक टाकलंय तिच्यावर कोणीतरी, दव लागू नये म्हणून.

११ जाने., रवि.

खरं सांगायचं म्हणजे किती सांगायचं? आज सांगितलं, डावा पाय घासून पडतोय. दाजी म्हणले, माहीत हाय. परत सांगितलं. म्हणले, माहीत हाय म्हणलं ना. तिसऱ्यांदा सांगितलं तर नाडी झटकली. "खरं सांग म्हणलं तर जीवच घेतो का."

घरी येऊन पोटरी बघितली. गोरेगावच्या त्या शेवटच्या पळण्यात काहीतरी तुटलंय आत. सूज नाही, पण पाऊल टेकलं की बाहेर फेकलं जातं. ती दौड त्यांनी माझ्या 'एक'वर केली होती.

१६ जाने.

हिंगोलीत दाखवलं. डॉक्टर म्हणले आराम, महिनाभर. दाजींनी विचारलं, पळालो तर? म्हणले, निभेल किंवा निभणार नाही, मी कसं सांगू. दाजी बाहेर आल्यावर खूश. म्हणे हा पहिला डॉक्टर जो माहीत न्हाई म्हणला.

मावशी म्हणतात, झालं तेवढं पुरे. दाजी ऐकतात आणि पोटरी चोळत बसतात. आक्का माझ्याकडं बघते. मी काय सांगू. पळू नका म्हणलं तर हेही मधात सोडल्यासारखं होईल, आणि पळा म्हणलं तर पाय जाईल.

संध्याकाळी त्यांनी सरळ विचारलंच. मी म्हणलं, "मला वाटतं पस्तीसच्या पुढं पाय देनार न्हाई."

"बरं," म्हणले. मग बराच वेळ रेडिओवर सोयाबीनचे भाव ऐकत बसले. मग म्हणले, "पस्तीसपर्यंत तर देईल."

२५ जाने., रवि.

हलकं पळून आलो. बांधावर हुरडा भाजत होते, हाक मारली. मी थांबलो नाही. वास आला तेव्हा फक्त सांगितलं, डावीकडं हुरडा, सहा माणसं, एक ओळखीचा. दाजी म्हणले, "थांब की मंग." थांबलो. मूठभर खाल्ला दोघांनी. राखेसकट. दाजींच्या मिशीला दाणे लागलेले, सांगितलं.

मावशींनी पिशवी आत घेतली. अजून पाहुणंच म्हणतात.

३१ जाने., शनि. नांदेड

आक्काच्या चुलत नणंदेकडं उतरलो. मावशी आल्या नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी कोणासाठी ते सांगितलं नाही, पण तिखट मी खातो, दाजी खात नाहीत.

दुपारी सायकल मागून घेऊन शेवटचा अर्धा रस्ता बघून आलो. गोदावरीच्या पुलाजवळ एक जण भोवरे विकत होता, थोडा वेळ गेला तिथं. पूल बेचाळीसच्या अगदी शेवटाकडं आहे आणि अलीकडं चढ आहे. आल्या आल्या सांगितलं.

"मोठा हाय?"

"मोठा हाय. सायकल हातात घ्यावी लागली."

दाजी पोटरीला पट्टी गुंडाळत बसले.

आक्का बनियनला नंबराचा कागद टाचत होती, चार पिना. दाजींनी अंगात घालून विचारलं, सरळ हाय का. ती म्हणली, वाकडा हाय. काढला, परत टाचला. परत विचारलं. म्हणली, अजून जरा वाकडा हाय. तिसऱ्यांदा सरळ बसला. नणंदबाई बघत होत्या, म्हणल्या, एवढ्याला काय होतं गं. आक्का म्हणली, "त्यांना चालत न्हाई."

मग ती चहाला उठली तसं दाजींनी मला जवळ बसवलं.

"चढावर तुला दिसलं का पाय जाऊन राहिला, तर मला विचारू नको. थांबव."

"तुमी ऐकसाल का?"

"मी कशाला ऐकतो. म्या तर वढत राहीन. तू नाडी धरून खाली बसायचं. मी पडलो तरी चालंल. लोकं बघत असली तरी. जमंल?"

त्यांचं तोंड माझ्याकडं होतं, डोळे जरा माझ्या कानाच्या बाजूला. आख्ख्या नांदेडसमोर, पूल समोर दिसत असताना, जावयाला खेचून रस्त्यावर पाडायचं.

मी व्हय म्हणलं.

त्यांनी मान हलवली, खरं धरलं. आता ते आत पडलेत, डोळ्यावर पंचा टाकून. मी पायरीवर बसून हे लिहितो आहे. ते व्हय खरं होतं का खोटं, मला अजून ठाऊक नाही.